विहीणबाईंचा बूलो

"आई, तू नुसती हस. बाकीचं मी बघते," ठमी म्हणाली, आणि मी हसले. हसायला माझं काय जातंय? रविवारची दुपार होती. जेवणाचं टेबल पुसून फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, ह्यांचा प्लास्टरमधला पाय शेजारच्या खुर्चीवर विराजमान झाला होता आणि फोनच्या चौकोनात आमची लेक, तिच्या मागे जावईबापूंचा अर्धा खांदा आणि मधोमध लाल काड्यांच्या चष्म्यातल्या विहीणबाई. त्यांनी सरळ माझ्याकडे बघून फ्रेंचमधून काहीतरी विचारलं. दोन-चारच शब्द असतील. आवाज शेवटी वर गेला, म्हणजे प्रश्न होता एवढं मला कळलं. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ठमीने मला हसायचं काम दिलं. शेजारी हे आधीपासून हसतच होते. ह्यांना हे काम फार छान जमतं, लग्नात फोटो काढणाऱ्याने सांगितल्यापासून ते तसेच हसताहेत. मग लेक आणि सासू आपापसात बोलल्या, फोन बंद झाला, आणि माझे गाल दुखताहेत हे माझ्या लक्षात आलं. संध्याकाळी मी ठमीला मुद्दाम विचारलं, मघाशी काय म्हणत होत्या गं त्या? "काही नाही गं," ती म्हणाली, "काम कसं चाललंय, एवढंच विचारत होत्या."

काम कसं चाललंय. मी भांडी आवरता आवरता थांबले. मला हे शेवटचं कोणी विचारलं होतं? हे विचारतात, 'आज उशीर?' ठमी विचारते, 'दमलीस?' दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या प्रश्नांतच असतात. आणि परक्या देशातली एक बाई, जिचा माझा एक शब्द सारखा नाही, ती सगळं सोडून मला माझं काम विचारते, आणि मी काय करते तर दात दाखवते! बरं, मी बोलून पोट भरणारी बाई. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून मी उभं आयुष्य बसले आहे (हे वाक्य ऐकून हे म्हणतात, आधी ठरव, उभी की बसलेली). 'नमस्कार, हॉस्पिटल, बोला.' एवढे तीन शब्द मी इतक्या वेळा म्हटले आहेत की झोपेत कूस बदलतानाही म्हणते. अख्ख्या इमारतीत माझा आवाज सगळ्यांना ठाऊक, चेहरा कोणालाच नाही. एकदा कँटीनमध्ये मी एका सर्जनना नुसतं "जरा सरकता का?" म्हटलं, तर ते ताट घेऊन गर्रकन वळले. "अरेच्चा! तुम्हीच का त्या?" म्हणाले, आणि माझ्याकडे असे बघायला लागले की मला माझं नाक तपासून बघावंसं वाटलं. आणि ह्या मेल्या व्हिडिओ कॉलवर नेमकं उलटं. चेहरा आहे आणि आवाज नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे नुसता चेहरा होता, आणि तो काही माझा प्रसिद्ध भाग नव्हे.

एरवी मी ते हसण्यावारी नेलं असतं. पण ठमीला दिवस गेले होते. ठरलं होतं की तिच्या बाळंतपणाला मी जायचं. रजा मंजूर झाली, बॅग माळ्यावरून खाली आली, आणि मी घरात नसताना घर टापटीप राहावं म्हणून हे पंख्याची पाती पुसायला स्टुलावर चढले. पुढचं सांगायला नको. पंखा अजून तसाच आहे. बॅग परत माळ्यावर गेली. तिकडे जावई बाळंतिणीच्या खोलीत आत जातो म्हणे, तिचा हात धरून उभा राहतो. उत्तम. म्हणजे लेक आत, जावई आत, आणि बाहेर बाकावर फोन घेऊन कोण? विहीणबाई. माझ्या लेकीची बातमी मला त्या सांगणार. त्यांना त्यांच्या फ्रेंचशिवाय काही येत नाही आणि मला 'बोला'शिवाय. बरं वाटलं नाही मला. तोंडाने मी त्यांना 'त्या' म्हणते, पण त्या दिवशी मनात म्हणाले, माझ्या जागी 'ही' बसणार! माझ्या लेकीच्या उशाची खुर्ची हिची, पहिलं रडणं हिच्या कानात, आणि मी इकडे तांब्यासमोर हसत बसू? "अगं, एवढं काय," हे म्हणाले, "फोनच करतो की हल्ली भाषांतर. आपण बोलायचं, तो सांगतो." मी म्हटलं, "मला त्यांच्याशी बोलायचंय. फोनशी मी आयुष्यभर बोलतेय." यावर हे हसले. त्यांना सोपं आहे.

तर मी फ्रेंच शिकायला लागले. फोनमध्ये एक बाई आहे, ती शिकवते. धडे पाडलेले आहेत, बाजारहाट, प्रवास, हवामान, आणि एक 'रोजच्या गप्पा: काम'. मी तोच उघडला. आधी त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं, उधारी ठेवायची मला सवय नाही. पुस्तकी शब्द वेगळे असतात, बाई म्हणाली, पण चहा पिताना लोक कामाला 'बूलो' म्हणतात. बूलो! मला तो शब्द बघताक्षणी आवडला. काम म्हटलं की पाठ ताठ होते, बूलो म्हटलं की चप्पल काढून बसावंसं वाटतं. 'ए ल बूलो, सा व्हा?' म्हणजे काय, कामाचं कसं काय, बरंय ना? आणि उत्तर, 'ओं फे आले.' म्हणजे चाललंय आपलं. मी भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली. चाललंय आपलं! म्हणजे तिकडेही लोक तेच म्हणतात? त्याच थकलेल्या खांद्यांनी, तसंच, फार बरं नाही आणि तक्रारही नाही असं? मला वाटलं होतं की तिकडच्या लोकांना कामाबद्दल काही मोठं म्हणायचं असेल. मग 'झ स्वी क्रव्हे', पार पिट्ट्या पडला माझा. 'से ला कूर्स', नुसती धावपळ आहे. कोणी कामाला निघालं किंवा कामात अडकलं की त्याला 'बों कुराझ' म्हणायचं, म्हणजे धीर धर गं बाई, होईल. हे मात्र आपल्याकडे कोणी कोणाला म्हणत नाही, आपण 'ये लवकर' म्हणतो. फोनमधल्या बाईचा आवाज गोड आहे, पण मला त्यात एक खोट दिसली. ती श्वासच घेत नाही. वाक्य संपलं की आवाज कापल्यासारखा बंद. आमच्या धंद्यात शब्दांच्या आधी श्वास ऐकू येतो. बिलाची चौकशी करणारा भुर्रकन श्वास घेतो, वाद घालायला आलेला नाकाने घेतो. आणि ज्याचं माणूस आत आहे तो श्वास घेतो आणि सोडायचं विसरतो. मधल्या सुट्टीत कपाटातून फोन काढून ऐकताना मी त्या बाईला एकदा म्हटलंसुद्धा, बये, दम खा जरा. धाकटी, म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवर नवीन लागलेली मुलगी, हेडफोन सरकवून म्हणाली, "ताई, कोणाला?"

श्वासाचं मला थोरल्या बाईंनी शिकवलं. मी लागले तेव्हा त्या एक्स्चेंजच्या मुख्य होत्या, आणि तेव्हा अजून दोऱ्यांचा बोर्ड होता. पितळी टोकाची दोरी उचलायची, भोकात खुपसायची, की वॉर्ड लागला. खोलीभर पितळेचा आणि गरम तारांचा वास असायचा, संध्याकाळी घरी गेलं तरी बोटांना यायचा. थोरल्या बाई पाठीमागे उभ्या राहून सांगायच्या, "आपण मधले. जोडून दिलं, 'बोला' म्हटलं, की बाहेर. आत थांबायचं नाही. ते त्यांचं आहे." दोऱ्या गेल्या, बटणं आली, पण नियम तोच. जोडायचं, 'बोला' म्हणायचं, आणि लाल बटण दाबून लाइनीतून निघून जायचं. बाळंतिणींच्या वॉर्डाला किती बापांना, किती आज्यांना मी जोडून दिलं असेल. पलीकडे नर्स फोन उचलते, अलीकडे कोणीतरी श्वास रोखतं, आणि नेमकं तिथे माझं बोट खाली जातं. मुलगा की मुलगी, बरी की वाईट, मला कधी कळलं नाही. रोज निम्मी बातमी ऐकायची आणि घरी येऊन भाकऱ्या थापायच्या नाही तर भात लावायचा. वाईट वाटायचं का? सुरुवातीला फार. एकदा एक म्हातारा अडखळत म्हणाला होता, "ताई, तुम्ही पण थांबा ना लाइनवर," आणि मी नियमाप्रमाणे निघून गेले होते. नंतर बोटाला सवय झाली, आणि बोटाला वाईट वाटत नाही.

पुढच्या रविवारी मी तांब्यासमोर बसले तीच पदर खोचून. ठमीने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "ए ल बूलो, सा व्हा?" जावईबापूंचा अर्धा खांदा पूर्ण झाला, म्हणजे ते डोकावले. आणि विहीणबाईंचा चष्मा नाकावरून घसरला, त्यांनी दोन्ही हात टेबलावर आपटले आणि असा काही धबधबा सुरू केला की विचारू नका. मला त्यातला एक थेंब कळत होता, बूलो. पण आवाज? तो मी कामात असते तसा ऐकला. जाड, किंचित घोगरा, उघड्या हवेतला आवाज. ही बाई बाहेर काम करते, मी मनात म्हटलं, आणि गर्दीत करते. मग एकाएकी त्या थांबल्या, माझ्याकडे वाकल्या, एक खोल श्वास घेतला. काहीतरी मनातलं सांगणार होत्या. आणि माझं बोट गेलं की खाली! फोनवरचं लाल बटण दाबून मी मोकळी. चौकोन काळा. आम्ही दोघं आणि तांब्या. "नेट गेलं का?" हे हसत हसतच म्हणाले. "नेट नाही गेलं," मी म्हटलं, "मी गेले." कपाळावर हात मारून घेतला मी. परत फोन लागला तेव्हा ठमी वैतागली होती, "आई, फोन का कापलास? त्यांना वाटलं त्यांचं काही चुकलं." मी तिला म्हटलं, त्यांना सांग, कामाची सवय आहे. माझं काम काय आहे, ते बटण कसलं, सगळं सांग. तिने सांगितलं. तिला स्वतःलाच अर्धं ठाऊक नव्हतं, मला मधेमधे विचारत सांगत होती. ऐकता ऐकता विहीणबाईंचे खांदे हलायला लागले, मग चष्मा काढून डोळे पुसले. नंतर त्यांनी हवेत एक दांडा पुढे ढकलल्यासारखं केलं आणि काहीतरी म्हणाल्या. ठमी हसून लोळायची बाकी राहिली. "त्या ट्रॅम चालवतात ना, आई. म्हणतात, त्यांचं पण असंच होतं. जेवताना कोणी मधे आलं की पाय आपोआप घंटी शोधतो."

तिथून आमचं जमलं. दर रविवारी आधी आमचा बूलो, मग बाकीच्यांच्या गप्पा. माझी वाक्यं मोजकी, पण मी ती तब्येतीत वापरायची. त्या विचारायच्या, मी खांदे पाडून 'ओं फे आले' म्हणायची, आणि त्या मान डोलवायच्या, की हो बाई, हो. मग त्यांची पाळी. त्यांच्या डेपोत एक जण आहे, तो सकाळी दार उघडल्यापासून कुरकुरतो, खुर्ची कडक, चहा गार, प्रवासी फार, प्रवासी कमी. त्याला त्या 'राल' करतो म्हणायच्या. 'इल राल, इल राल!' आणि त्याची नक्कल अशी करायच्या की आमच्या लेखा विभागातले एक गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोर उभे राहायचे. मीही त्या गृहस्थांची नक्कल करून दाखवली, भाषा कशाला लागते त्याला? माझ्या घरातही बूलो शिरला. हे प्लास्टरमधला पाय उचलून खुर्चीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "क्रव्हे!" मी म्हटलं, "तुम्ही काय केलंत हो दमायला?" तर म्हणे, "बरा होतोय." ठमी मात्र काळजीत होती. "आई, तू नुसतं ऑफिसचंच शिकतेयस. हॉस्पिटलचे शब्द शीक ना. त्या दिवशी लागतील." खोटं नव्हतं ते. मी तो धडा उघडलाही. फोनमधल्या गोड बाईने श्वास न घेता सुरुवात केली, दुखणं, रक्त, तातडी, धोका. मी बंद करून टाकला. हे शब्द मी दिवसभर ऐकते. माझ्या लेकीसाठी मला ते दुसऱ्या भाषेतसुद्धा नको होते. मग ठरवलं, जे आहे तेवढ्यावर भागवायचं. पण एकटी असले, चहा उकळताना, दिवा लावताना, की मनात यायचं, विहीणबाईंनी फोन केला आणि मला काहीच कळलं नाही तर? चांगलं आहे की वाईट, एवढंही नाही कळलं तर? आणि मग तो जुना मत्सर हळूच डोकं वर काढायचा, की तिला सगळं कळेल, तिला.

ड्यूटीवर आम्हाला मोबाइल कपाटात ठेवावे लागतात, म्हणून मी ठमीकडून विहीणबाईंना हॉस्पिटलचाच नंबर देऊन ठेवला होता. ह्यांना फोन करून उपयोग नव्हता, फोनवर हसू ऐकू येत नाही. तर एक दिवस, सकाळची ओपीडी ऐन भरात, सगळे दिवे लुकलुकताहेत, मी एक उचलला, "नमस्कार, हॉस्पिटल, बोला." पलीकडे श्वास. जाड, उघड्या हवेतला. मी ओळखला. "ॲलो? से म्वा," विहीणबाई म्हणाल्या. मी आहे. मला पुष्कळ विचारायचं होतं. कधी नेलं, कशी आहे, घाबरलीय का, माझी आठवण काढते का. ह्यातलं एकही वाक्य माझ्याकडे नव्हतं. डोक्यात नुसता पंखा फिरत होता. आणि तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "ए ल बूलो?" जीभ चावली मी. लेक तिथे कळा देतेय आणि मी विहिणीला ट्रॅमची चौकशी करतेय! पण पलीकडे त्या हसल्या. मोठ्याने नाही, घशातल्या घशात, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा ठेवत म्हणाल्या, "एल आ द्यू बूलो." तिला काम आहे. "बोकू, बोकू द बूलो." पुष्कळ काम आहे. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. कळलं! मला कळलं! त्या माझ्या धड्यातलं बोलत होत्या. माझ्याकडे कुठले शब्द आहेत हे त्या बाईला पाठ होतं, आणि ती त्यांच्या बाहेर एक पाऊल टाकत नव्हती. मी विचारलं, "पोझ?" मधली सुट्टी? "पा आंकोर," त्या म्हणाल्या. अजून नाही. "सा व्हा?" मी विचारलं, आणि माझा आवाज, माझा तो अख्ख्या इमारतीने ओळखावा असा आवाज, चिरकला. त्या म्हणाल्या, "ओं फे आले." चाललंय आपलं. इतक्या शांतपणे म्हणाल्या, जणू ट्रॅम वळणावर सावकाश घेत असाव्यात. मग, "बों कुराझ," आणि फोन ठेवला. धीर धर गं बाई. मला म्हणाल्या त्या. आणि माझ्या लक्षात आलं की तिथे कोणीतरी माझं असं बसलेलं आहे.

नंतरची दुपार मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. लोकांना लोक जोडून दिले. धाकटीने चहा आणला, तो गार झाला, दुसरा आणला, तोही झाला. "ताई, घरी जाता का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "घरी माझा फोन नाही येत." बाळंतिणींच्या वॉर्डासाठी एक फोन आला, कोण्या आजीचा, मी जोडला, 'बोला' म्हटलं आणि लाल बटण दाबून निघून आले, आणि पहिल्यांदा त्या बटणाचा राग आला मला. मग तो दिवा लागला. "नमस्कार, हॉस्पिटल, बोला." श्वास. घेतला, आणि सोडायचं विसरलेला. माझं बोट उचललं गेलं. तसंच, सवयीने, थोरल्या बाईंच्या हुकुमाने, नेमकं त्या क्षणाला निघून जायला. मी डाव्या हाताने उजवा हात धरला आणि मांडीत दाबून ठेवला. "फिनी," विहीणबाई म्हणाल्या. संपलं काम. त्यांचा आवाज ओला होता. "एल ए क्रव्हे. मे सा व्हा." पार दमलीय. पण बरी आहे. बरी आहे, बरी आहे माझी ठमी. मी नुसती हसत होते, आणि फोनवर हसू ऐकू येत नाही हे माझं खोटं निघालं, कारण पलीकडे त्या म्हणाल्या, "वी, वी," हो गं, हो. मग नाक ओढलं आणि ऑफिसातली बातमी सांगावी तशा सुरात म्हणाल्या, "ए ओं आ यून नूव्हेल कोलेग." आपल्याकडे एक नवीन मुलगी कामाला लागलीय. जरा थांबल्या. "एल राल देझा!" आणि आत्तापासूनच कुरकुरतेय! त्यांनी फोन पुढे धरला असावा. दार उघडल्याचा आवाज आला, पावलं आली, आणि मग माझ्या कानात, हेडफोनमध्ये, जिथे आजवर सगळ्यांच्या बातम्या अर्ध्यावर सुटल्या तिथे, बारीक, रागावलेलं, तक्रारींनी भरलेलं रडणं.

बोर्डावर दिवे लुकलुकत होते. धाकटी घाईघाईने म्हणाली, "ताई, लाइनी थांबल्यात. कोण आहे एवढं?"

"आमच्या ऑफिसातली नवीन मुलगी," मी म्हटलं. "रुजू झाल्या झाल्या गाऱ्हाणं घेऊन आलीय. माझ्या लाइनी तू घे."

आणि पदराने डोळे पुसून, खुर्चीत नीट बसून, मी कानातल्या त्या रडण्याला कामावरच्या आवाजात म्हटलं, "बोला. मी थांबलेय लाइनवर."